अंगणात गुंजनपक्षी

गुंजनपक्षी म्हणजेच हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांतच आढळतो. उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागात उन्हाळ्यात येणारा माणिककंठी गुंजनपक्षी जेमतेम ३ ग्रॅम वजनाचा. सेकंदाला सुमारे ५० वेळा पंख हलवायचे, तर दिवसभर खात राहावेच लागते.

त्याच्यासाठी खाद्य घरीच करता येते. एक वाटी साधी पांढरी साखर चार वाट्या पाण्यात विरघळवा आणि गार करून खाद्यपात्रात भरा. मध घालू नका, त्यात बुरशी लवकर धरते. गूळही नको, त्यातले लोह या पक्ष्याला अपायकारक ठरू शकते. लाल रंगाची तर गरजच नाही, पात्राचा लाल भाग पुरतो. कडक उन्हाळ्यात दर दोन दिवसांनी पात्र धुऊन पाणी बदला.

मात्र नुसत्या साखरेवर पिल्ले वाढत नाहीत. त्यांना प्रथिने मिळतात ती चिलटे आणि बारीक कोळ्यांतून, म्हणून बागेत कीटकनाशक फवारू नका. ट्रम्पेट व्हाइन, बी बाम यांसारखी स्थानिक फुलझाडे लावा. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी बाल्कनीतल्या एका कुंडीपासून सुरुवात केली, तरी या पाहुण्याला मोठा आधार मिळेल.