टाइलवरची निळी नक्षी



आज आपण अशा एका वस्तूबद्दल बोलणार आहोत, जिच्यावर आपण रोज फडकं फिरवतो. ओट्यामागच्या भिंतीवर, न्हाणीघरात, देवघरात लावलेली टाइल. गावात आपण तिला सरळ ‘स्टाईल’ म्हणतो. दुकानात गेलं की दुकानदार पन्नास नमुने मांडतो, आपण रंग बघतो, भाव विचारतो आणि घेऊन येतो. पण मातीच्या चौकोनावर नक्षी काढायची पद्धत आली कुठून? ती नक्षी शेकडो वर्षं टिकते कशी? आणि ती काढणाऱ्या हाताला मोल मिळालं का? हा शेवटचा प्रश्न आपल्या गटांच्याही जिव्हाळ्याचा आहे.

या गोष्टीसाठी आपण पोर्तुगालला जाऊ. युरोपातला समुद्रकाठचा हा छोटासा देश. १५१० ते १९६१ अशी साडेचारशे वर्षं गोव्यावर राज्य करणारा, म्हणून आपल्याला नावाने ओळखीचा. तिथे घरं, चर्च, रेल्वे स्थानकं, बाजार, बागेतले बाक, सगळीकडे रंगीत टाइल दिसतात. तिथल्या भाषेत त्यांना ‘अझुलेजो’ म्हणतात. पोर्तुगीज भाषेत निळ्याला ‘अझुल’ म्हणतात, म्हणून पुष्कळांना वाटतं की शब्द निळ्या रंगावरून आला. खरं तर तो अरबी शब्दापासून आला आहे आणि त्याचा अर्थ आहे घासून गुळगुळीत केलेला लहान दगड. उत्तर आफ्रिकेतले आणि स्पेनमधले मुसलमान कारागीर रंगीत मातीच्या तुकड्यांनी भिंती मढवत. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला पोर्तुगालच्या मानुएल राजाने स्पेनमधल्या सेव्हिल शहरातून अशा टाइल मागवल्या आणि सिंत्रा गावातला आपला वाडा सजवला. तिथून हे वेड देशभर पसरलं.

आता टाइल बनते कशी ते पाहू. पहिला भाग आपल्या कुंभारदादांच्या कामासारखाच आहे. माती मळायची, चौकोनी वड्या पाडायच्या, सावलीत वाळवायच्या आणि भट्टीत भाजायच्या. भाजलेली वडी माठासारखी पाणी पिणारी असते. तिला चकाकी येते ती झिलईमुळे. लोणच्याची चिनी मातीची बरणी आठवा. तिच्यावर जो गुळगुळीत थर असतो, ज्यामुळे तेल आणि खार मातीत मुरत नाही, ती झिलई. झिलई म्हणजे एक प्रकारची काचच. वाळू म्हणजे गारेची पूड आणि ती लवकर वितळावी म्हणून आणखी काही पदार्थ पाण्यात कालवून वडीवर ओततात. भट्टीत ते वितळतं आणि मातीला कायमचं चिकटतं.

जुने कारागीर झिलईत शिसं वापरत. शिसं विषारी असतं, आणि त्या पुडीत रोज हात घालणाऱ्यांना त्याचा त्रास होई. त्याच झिलईत कथिलाची राख मिसळली की ती दुधासारखी पांढरी होते. कथिल म्हणजे आपण भांड्यांना कल्हई करतो ते. या पांढऱ्या थरावर चित्र काढायचं. रंग धातूंच्या क्षारांचे: कोबाल्टचा निळा, तांब्याचा हिरवा, मँगनीजचा जांभळट तपकिरी, अँटिमनीचा पिवळा. मग टाइल पुन्हा साधारण १००० अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेल्या भट्टीत जाते. रंग आणि झिलई एकजीव होतात. चित्र काचेत विरघळून बसतं, म्हणून ते पावसाने धुऊन जात नाही की उन्हाने विटत नाही.

हे चित्र काढणं सोपं नाही. न भाजलेली झिलई वाळल्यावर पिठासारखी असते. ती कुंचल्यातला रंग लगेच शोषून घेते. रेघ चुकली तर पुसता येत नाही. म्हणून कारागीर आधी कागदावर चित्र काढतात, रेषांवर सुईने भोकं पाडतात, तो कागद टाइलवर ठेवतात आणि कोळशाच्या पुडीची पुरचुंडी वरून थोपटतात. भोकांतून काळे ठिपके खाली उतरतात. तुमच्यातल्या भरतकाम करणाऱ्या मैत्रिणींना हे नवं नाही. टोचलेल्या बटरपेपरवर रॉकेल आणि निळीचा बोळा फिरवून आपण साडीवर वेलबुट्टी उतरवतो, तीच ही युक्ती.

आता नक्षीची गंमत. जुनी अझुलेजो टाइल साधारण १४ सेंटीमीटरची, म्हणजे साडेपाच इंचांची चौकोनी. सतराव्या शतकात तिथे संपूर्ण भिंत गालिच्यासारखी मढवायची पद्धत आली. एवढ्या मोठ्या भिंतीसाठी वेगवेगळी चित्रं काढत बसलं तर खर्च परवडणार नाही. म्हणून टाइलच्या एका कोपऱ्यात फक्त पाव फूल काढायचं. तशा चार टाइल घ्यायच्या, चार दिशांना फिरवून जोडायच्या, की मधोमध पूर्ण फूल उमलतं. असे चौकट शेजारी शेजारी लावत गेलं की भिंत भरते. एकच नमुना, पण दिसायला भरगच्च. आपली ठिपक्यांची रांगोळी अशीच वाढते. चारचा तुकडा नीट जमला की अंगणभर पुढे नेता येतो.

त्याच काळातली एक गोष्ट आपल्या देशाशी जोडलेली आहे. भारतातलं छापील आणि रंगवलेलं सुती कापड तेव्हा जहाजांनी पोर्तुगालला जाई. त्यावरच्या वेली, फुलं, पक्षी तिथल्या लोकांना इतके आवडले की चर्चमधल्या वेदीचा पुढचा भाग टाइलने मढवताना कारागिरांनी तीच नक्षी मातीवर उतरवली. कापड जीर्ण झालं, फाटलं. टाइलवर ते आजही बघायला मिळतं. चीनहून येणाऱ्या निळ्या-पांढऱ्या भांड्यांचंही तसंच झालं. ती पाहून हॉलंडच्या कारागिरांनी निळ्या-पांढऱ्या टाइल केल्या, त्या पोर्तुगालमध्ये विकल्या जाऊ लागल्या, आणि मग पोर्तुगालचे कारागीरही निळ्याकडे वळले. लिस्बनच्या टाइल संग्रहालयात १७०० सालच्या सुमाराचं एक चित्र आहे. नदीकाठचं संपूर्ण लिस्बन शहर त्यात निळ्या रंगात काढलेलं आहे. त्याची लांबी सुमारे २३ मीटर, म्हणजे पंचाहत्तर फूट! १५०९ साली लिओनोर राणीने स्थापन केलेल्या जोगिणींच्या मठात आज हे संग्रहालय आहे.

या चित्रातल्या शहरावर पुढे मोठं संकट आलं. १ नोव्हेंबर १७५५ रोजी लिस्बनला भीषण भूकंप झाला. त्यापाठोपाठ समुद्राच्या लाटा आल्या आणि आग लागली. शहर उद्ध्वस्त झालं. पुन्हा हजारो घरं उभारायची तर झटपट आणि स्वस्तात सजणारी, पुसता येणारी भिंत हवी होती. तेव्हा साध्या, चारच्या नमुन्याच्या टाइल कामी आल्या. आगीपासून आणि भूकंपापासून रक्षण व्हावं म्हणून लोक घराच्या दर्शनी भागावर संतांची चित्रं असलेल्या टाइलही बसवू लागले. पुढे एकोणिसाव्या शतकात बाहेरच्या भिंती संपूर्ण टाइलने झाकण्याची पद्धत पडली. पावसाचं पाणी भिंतीत मुरत नाही आणि वरचेवर रंग द्यावा लागत नाही. राजवाड्यातली चैन सामान्यांच्या घरावर आली ती अशा सोयीमुळे.

याच काळात, १८४९ साली, लिस्बनमध्ये आंतोनिओ लामेगो नावाच्या माणसाने मातीकामाचा कारखाना काढला. १८७६ साली तो वारला. त्याच्या बायकोने कारखाना बंद केला नाही, पुढे चालवला. तेव्हापासून कारखान्याचं नावच पडलं ‘व्हियुवा लामेगो’, म्हणजे ‘लामेगोची विधवा’. दीडशे वर्षं होत आली, तेच नाव अजून आहे आणि तिथे अजून हाताने टाइल रंगवतात. नवऱ्यामागे धंदा सांभाळणाऱ्या बायका आपल्या गावातही कमी नाहीत. पण दुकानाच्या पाटीवर त्या किती दिसतात, याचा जरूर विचार करा.

या कारखान्याशी आणखी एका बाईचं नाव जोडलेलं आहे. मारिया कैल, चित्रकार, जन्म १९१४. १९५९ साली लिस्बनमध्ये जमिनीखालची मेट्रो रेल्वे सुरू झाली. पहिल्या स्थानकांच्या रचनेत तिचा आर्किटेक्ट नवरा होता. पण भिंती सजवायला पैसाच नव्हता, आणि जमिनीखाली तर उजेड नाही, आकाश नाही, नुसतं काँक्रीट. मारियाने टाइल सुचवली. तेव्हा शहरातले मोठे लोक टाइलला जुनाट, बाथरूमची वस्तू समजत. तिने त्रिकोण, चौकोन, पट्टे अशा साध्या आकारांची जुळणी करून लांबच लांब भिंती जिवंत केल्या. टाइल या लामेगोच्या विधवेच्या कारखान्यात घडल्या. रोज कामाला जाणाऱ्या साध्या माणसांना त्या पाहायला मिळाल्या आणि टाइलला पुन्हा मान मिळाला. हे काम तिने मोबदला न मागता केलं होतं. पुढे स्थानकं मोठी करताना तिच्या काही भिंती पाडून टाकल्या गेल्या. २०१२ साली, वयाच्या अठ्ठ्याण्णवाव्या वर्षाच्या आत-बाहेर, ती गेली. आज तिला पोर्तुगालमधल्या मोठ्या कलावंतांमध्ये गणतात, पण पाडलेल्या भिंती काही परत आल्या नाहीत.

ही गोष्ट मी मुद्दाम सांगितली. लग्नाची रांगोळी, रुखवत, शाळेच्या भिंतीवरची चित्रं, गौरीची आरास, हे सगळं आपण ‘हौस’ म्हणून करून देतो. हौस जरूर असावी. पण गटाने ऑर्डर घेतली असेल तर सामानाच्या खर्चाबरोबर किती बायकांचे किती तास गेले, तेही वहीत लिहा आणि भावात धरा. जिथे किंमत लिहिलेली नसते, तिथे काम सहज पुसलं जातं.

अझुलेजो बघायला पोर्तुगालला जायलाच हवं असं नाही. पणजीत मेनेझिस ब्रागांझा संस्थेच्या इमारतीत शिरताच भिंतीवर निळ्या टाइलची मोठी चित्रं आहेत. पोर्तुगीज कवी कामोइश यांच्या महाकाव्यातले प्रसंग त्यात आहेत. जॉर्ज कोलासो या चित्रकाराने ती १९३५ साली केली. पोर्तुगालच्या पोर्तो शहरातल्या रेल्वे स्थानकावर सुमारे वीस हजार टाइलची चित्रं करणारा तोच हा कलावंत. पणजीच्या फोंतेन्यास भागात गल्ल्यांची आणि घरांची नावंही अशा टाइलवर लिहिलेली दिसतात. गटाची सहल गोव्याला गेली तर समुद्राबरोबर हेही पाहून या.

आता थोडं घरच्या कामाचं. भिंतीची टाइल आणि जमिनीची टाइल वेगळी असते. टाइल उलटी करून मागच्या बाजूला थेंबभर पाणी टाका. पटकन शोषलं गेलं तर ती मऊ, सच्छिद्र, भिंतीसाठीची. जमिनीला कमी पाणी पिणारी कठीण टाइल घ्या, आणि न्हाणीत चकचकीत नको, खरखरीत घ्या. म्हातारी माणसं आणि गरोदर बायका तिथेच घसरतात. सगळ्या खोक्यांवरचा शेडचा क्रमांक एकच आहे ना, ते बघा. लागतील त्यापेक्षा दहा-पंधरा टाइल जास्त आणून जपून ठेवा, कारण तोच रंग पुढे मिळेलच असं नाही. आणि नमुन्याची टाइल असेल तर गवंड्याने सिमेंट कालवण्याआधी चार टाइल जमिनीवर मांडून फूल जुळतंय का ते स्वतः पाहा.

काही गट तयार टाइलवर वारली चित्रं किंवा नावाच्या पाट्या रंगवून विकतात. चांगलं काम आहे. पण बाजारच्या रंगाने वरून काढलेलं चित्र भट्टीतून गेलेलं नसतं. ते शोभेला ठीक, पावसात किंवा घासणीखाली टिकणार नाही. गिऱ्हाइकाला हे आधीच सांगा. आणि मागच्या बाजूला बारीक अक्षरात गटाचं नाव आणि काढणारीचं नाव लिहायला विसरू नका.