शरदृतूंतील बटाटे

आमच्या शाळेचा एक जुना विद्यार्थी अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं मेन या अगदीं ईशान्येकडील संस्थानांत राहतो. गेल्या वर्षीं जुलै महिन्यांत त्यानें आपल्या परसांतून नुकतेच खणून काढलेले बटाटे पुन्हां लावले. हेतु हा कीं, शरदृतूंत दुसरें पीक निघावें व तें हिवाळाभर पुरावें. महिना लोटला तरी एकहि कोंब वर आला नाहीं. उकरून पाहतो तों बटाटे जसेच्या तसे! "सर, माझें काय चुकलें?" असें त्यानें पत्रानें विचारलें. त्यास पाठविलेलें उत्तर आमच्या विद्यार्थी वाचकांस व त्यांच्या पालकांसहि उपयोगी वाटेल, म्हणून येथें देत आहें.

बटाटा हें मूळ नसून जमिनींत वाढलेलें खोड आहे, व त्यावरील डोळे म्हणजे कळ्या होत. खणून काढल्यावर या कळ्या निद्रिस्त असतात. जातीप्रमाणें ही निद्रा बहुधा दोन ते तीन महिने टिकते. तोंवर खतपाणी कितीहि दिलें तरी त्या जाग्या होत नाहींत. म्हणून उन्हाळी लागवडीस मागील वर्षींचें, थंड जागीं राखलेलें बियाणें घ्यावें. लावण्यापूर्वीं दोन-तीन आठवडे तें उजेडांत पसरावें, म्हणजे आंखूड व जाड कोंब येतात. तापलेल्या जमिनींत कापलेल्या फोडी लवकर कुजतात; यास्तव अंड्याएवढे अखंड बटाटे लावणें बरें.

दुसरी गोष्ट दिवसांच्या हिशेबाची. आपल्या देशांतील मैदानी मुलुखांत हिवाळा हा बटाट्याचा मुख्य हंगाम. मेनमध्यें हिवाळा म्हणजे पिकाचा अंत. तेथें दंव गोठलें कीं पाला एका रात्रींत काळा पडतो. म्हणून तेथील माळ्यानें त्या रात्रीपासून उलट मोजावें. समजा, पहिलें गोठलेलें दंव १ ऑक्टोबरच्या सुमारास पडतें व बटाट्याची जात ७५ दिवसांत तयार होणारी आहे. शरदांत दिवस लहान होऊन वाढ मंदावते, तिच्यासाठीं आणखी १५ दिवस धरावे. एकूण ९० दिवस झाले; अर्थात् लागवड ३ जुलैच्या पुढें ढकलूं नये.

ऐन उन्हाळ्यांत बियाणें सुमारें १५ सेंटिमीटर खोल लावावें व वर गवताचें आच्छादन घालावें. कारण जमीन ३० अंश सेल्सिअसपर्यंत तापली तर बटाटे जवळजवळ धरतच नाहींत. १५ ते २० अंश हें मान त्यांस मानवतें. रोपें वीतभर झालीं कीं बुंध्याशीं मातीची भर द्यावी. उजेड लागून हिरवा झालेला बटाटा विषारी असतो. तो खाऊं नये.

उशिराच्या पिकास करप्याचें भय अधिक. १८४५ सालीं याच रोगानें आयर्लंडांतील पीक बुडविलें, आणि पुढील दुष्काळांत सुमारें दहा लक्ष माणसें मेलीं. डाग पडलेलीं रोपें दिसतांच उपटून दूर करावीं.

पाला मेल्यावर घाई करूं नये. दोन आठवडे बटाटे जमिनींतच राहूं द्यावे, म्हणजे साल घट्ट होते. मात्र जमीन गोठण्यापूर्वीं ते काढलेच पाहिजेत. त्याच संस्थानांतील अरूस्टुक परगण्यांत या कामासाठीं शाळांना सुटी देण्याचा जुना प्रघात आहे. पूर्वीं मुलेंच टोपल्या भरीत. काढलेले बटाटे दोन आठवडे १० ते १५ अंशांत, अंधारांत सुकवून मग सुमारें ४ अंशांच्या तळघरांत ठेवावे.

यंदा त्या विद्यार्थ्यानें राखलेलें बियाणें जूनअखेर लावलें. ऑक्टोबरांत त्याचें पत्र आलें: "सर, तळघरांत चार पोतीं भरलीं आहेत." परीक्षेचा दिवस पुढें जात नाहीं, हें आमचे विद्यार्थी जाणतात, थंडीचाहि जात नाहीं. जो तिकडून मागें मोजतो, त्याचें तळघर हिवाळ्यांत रितें राहत नाहीं.