विश्लेषण : लग्नाची डीव्हीडी नेमकी मध्येच का अडकते? आतले चित्रीकरण वाचवता येते का?

मंगलाष्टके संपत येतात, अंतरपाट दूर होणार इतक्यात टीव्हीवर चौकोनी ठिपके उमटतात, आवाज तुटतो आणि चित्र थिजते. डिस्क काढून, पुसून पुन्हा लावली तरी तीच गत. पंधरा-वीस वर्षांपूर्वी लग्न, मुंज, साखरपुडा यांचे चित्रीकरण फोटो स्टुडिओकडून डीव्हीडीवर मिळत असे. कपाटात ठेवलेल्या त्या डिस्क आज बाहेर काढल्या, की अनेकदा शेवटपर्यंत चालत नाहीत. चित्रीकरणात दिसणारे आजी-आजोबा आज हयात नसतील, तर प्रश्न केवळ एका डिस्कचा उरत नाही. मात्र, मध्येच अडकणारी डिस्क म्हणजे वाया गेलेली डिस्क नव्हे. ती कुठे अडकते यावरून दोषाचा अंदाज येतो आणि योग्य क्रमाने प्रयत्न केल्यास बराचसा भाग परत मिळू शकतो.

‘राइट’ केलेली डिस्क वेगळी कशी?

दुकानात मिळणारी सिनेमाची डीव्हीडी कारखान्यात साच्यातून दाबून तयार होते. तिच्यातील माहिती सूक्ष्म खळग्यांच्या रूपात प्लास्टिकवर कायमची उमटलेली असते. स्टुडिओत किंवा घरी राइट केलेल्या डिस्कमध्ये असे खळगे नसतात. तिच्यात सेंद्रिय रंगाचा एक पातळ थर असतो. राइट करताना लेसरच्या उष्णतेने या थरावर खुणा उमटतात. ऊन, उष्णता आणि दमटपणा यांनी हा थर हळूहळू खराब होतो. त्यामुळे एकाच कपाटात ठेवलेली सिनेमाची डिस्क चालते आणि लग्नाची अडकते, असे घडू शकते.

डीव्हीडी १.२ मिलिमीटर जाड असते. ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या एकमेकींना चिकटवून ती बनते आणि माहिती या दोन चकत्यांच्या मध्ये असते. वाचन केंद्राजवळून सुरू होते आणि सर्पिल मार्गाने बाहेरच्या कडेकडे जाते. या मार्गाच्या दोन वळशांमधील अंतर अवघे ०.७४ मायक्रोमीटर असते. म्हणजे केसाच्या जाडीत असे शंभरच्या आसपास वळसे मावतात.

अडकण्याची जागा काय सांगते?

पहिली पायरी म्हणजे डिस्क कोणत्या मिनिटाला अडकते, ते लिहून ठेवणे. त्यानंतर तीच डिस्क दुसऱ्या प्लेअरवर किंवा लॅपटॉपवर लावून पाहावी.

दर वेळी वेगळ्या ठिकाणी अडकत असेल आणि त्या प्लेअरवर इतर डिस्कही अडकत असतील, तर संशय प्लेअरवर घ्यावा. लेन्सवर साचलेली धूळ किंवा लेसरची कमी झालेली ताकद हे त्याचे नेहमीचे कारण.

सगळीकडे त्याच सेकंदाला अडकत असेल, तर दोष डिस्कमध्ये आहे. त्या जागी ओरखडा, डाग किंवा राइट करतानाच राहिलेली चूक असू शकते. स्टुडिओने दिलेल्या दोन्ही प्रती एकाच सेकंदाला अडकत असतील, तर मूळ फाइलच सदोष असण्याची शक्यता अधिक.

शेवटची दहा-पंधरा मिनिटेच चालत नसतील, तर बाहेरची कड तपासावी. डिस्क हाताळताना बोटे तिथेच लागतात. राइट करताना वेगही साधारणपणे बाहेरच्या कडेकडे वाढत जातो, त्यामुळे घाईने राइट केलेल्या डिस्कच्या चुका शेवटच्या भागात अधिक आढळतात. त्यात डिस्क काठोकाठ भरलेली असेल, तर भर पडते. ४.७ जीबीची डिस्क संगणकावर सुमारे ४.३७ जीबीच दिसते. मोजण्याच्या दोन पद्धतींमुळे हा फरक पडतो, पण तेवढ्या जागेत लग्न आणि स्वागत समारंभ दोन्ही बसवण्याचा प्रयत्न अनेकदा होत असे.

वधू-वरांचा फोटो छापलेले कागदी लेबल चिकटवलेले असेल, तर तेही कारण असू शकते. असे लेबल किंचित तिरके बसले किंवा दमटपणाने आक्रसले, की फिरताना डिस्कचा तोल जातो किंवा ती वाकते. त्याचा परिणाम कडेला सर्वाधिक जाणवतो. मात्र जुने लेबल ओढून काढू नये. त्या ओढाताणीत डिस्कच खराब होऊ शकते.

८.५ जीबीची, दोन थरांची डिस्क साधारण मधोमध अडकत असेल, तर थर बदलण्याची जागा तपासावी. पहिला थर आतून बाहेर वाचून झाला, की लेसरला दुसऱ्या थरावर नेम धरून बाहेरून आत यावे लागते. जुने प्लेअर इथे अडखळतात.

वरातीचा नाच किंवा फटाके अशा वेगवान दृश्यांतच चित्र अडखळत असेल, तर कारण निराळे असू शकते. डीव्हीडी व्हिडिओसाठी सेकंदाला १०.०८ मेगाबिट ही कमाल मर्यादा आहे. त्या मर्यादेच्या अगदी जवळ बनवलेली फाइल काही प्लेअरना झेपत नाही.

प्लेअरवर अडकते, लॅपटॉपवर चालते, असे का?

डीव्हीडीवर मूळ माहितीसोबत चुका दुरुस्त करण्यासाठी जादा माहितीही लिहिलेली असते. ३२ किलोबाइटच्या प्रत्येक गठ्ठ्यात थोडा भाग वाचता आला नाही, तरी गणिताने तो पुन्हा मिळवता येतो. त्यामुळे किरकोळ ओरखडे कधी जाणवतही नाहीत. चुका मर्यादेपलीकडे गेल्या की मात्र चित्र एकदम थांबते.

प्लेअरला चित्र सलग दाखवायचे असते, त्यामुळे एकाच जागी पुन:पुन्हा प्रयत्न करायला त्याला वेळ नसतो. संगणकाला घाई नसते. तो वेग कमी करून तीच जागा अनेकदा वाचू शकतो. म्हणून टीव्हीवर अडकलेल्या डिस्कची संगणकावर मात्र पूर्ण प्रत निघू शकते.

डिस्क सुरूच होत नसेल तर?

राइट झाल्यानंतर डिस्क ‘फायनलाइज’ करावी लागते. म्हणजे माहिती कुठे सुरू होते आणि कुठे संपते, याची नोंद डिस्कवर पक्की करावी लागते. हे राहून गेले, तर ज्या यंत्रावर ती बनली तिथेच चालते, इतरत्र कोरी दिसते. छोट्या, ८ सेंटिमीटरच्या डिस्कवर चित्रीकरण करणाऱ्या कॅमकॉर्डरच्या बाबतीत हे बऱ्याचदा घडते. तो कॅमकॉर्डर घरात असेल आणि चालू असेल, तर डिस्क त्यातूनच फायनलाइज करून पाहावी. नसेल, तर ‘आयसोबस्टर’सारखी सॉफ्टवेअर अशा डिस्कमधील माहिती शोधू शकतात.

संगणकाने ‘डिस्क कोरी आहे, फॉरमॅट करायची का?’ असे विचारले, तर ‘नाही’ म्हणावे. तसेच फटीतून डिस्क आत ओढून घेणाऱ्या लॅपटॉपमध्ये किंवा कार स्टिरिओमध्ये छोटी डिस्क घालू नये. ती आत अडकू शकते.

अमेरिकेतील नातेवाइकांना पाठवलेली डिस्क तिथे चालत नसेल, तर ती खराबच असेल असे नाही. भारतात बनलेल्या डिस्क ‘पाल’ पद्धतीच्या, तर अमेरिकेतील जुने प्लेअर आणि टीव्ही ‘एनटीएससी’ पद्धतीचे असतात. अशी डिस्क संगणकावर व्यवस्थित चालते.

साफ कशी करावी?

डिस्क नेहमी कडेला आणि मधल्या छिद्राला धरावी. मऊ, धागे न सुटणाऱ्या कापडाने केंद्राकडून कडेकडे सरळ रेषेत पुसावी. गोलाकार पुसू नये. वर्तुळाकार ओरखडा पडला तर तो वाचनाच्या मार्गाशी समांतर जातो आणि सलग माहिती बिघडते. आडव्या ओरखड्याने मात्र प्रत्येक फेरीत थोडाच भाग जातो आणि तो दुरुस्त होऊ शकतो. चिकट डाग असेल, तर सौम्य साबणाचा एखादा थेंब टाकलेले कोमट पाणी वापरावे आणि डिस्क पूर्ण कोरडी करावी. थिनर किंवा पेट्रोल वापरू नये.

टूथपेस्ट घासण्याचा उपाय अनेक जण सुचवतात. टूथपेस्ट प्लास्टिक खरवडते. उथळ ओरखडा त्याने कधी गुळगुळीत होतो, पण नवे ओरखडेही पडू शकतात. त्यामुळे प्रत काढण्याचे बाकी प्रयत्न होईपर्यंत हा प्रयोग टाळलेला बरा. सीडीची लेबलची बाजू तर अधिक नाजूक असते. तिथे माहितीचा थर लेबलच्या लगेच खाली असतो आणि तो खरवडला गेला तर दुरुस्ती होत नाही.

चित्रीकरण वाचवायचे कसे?

अडकणारी डिस्क पुन:पुन्हा लावून पाहण्यापेक्षा आधी तिची प्रत काढावी. घरात ड्राइव्ह नसेल, तर यूएसबीला जोडायचा बाह्य डीव्हीडी रायटर आणि लॅपटॉप लागेल. असा ड्राइव्ह थेट मोबाइलला जोडून बहुतेक वेळा काम होत नाही.

१. डिस्कमधील ‘व्हिडिओ टीएस’ हे फोल्डर उघडावे. त्यातील मोठ्या ‘व्हीओबी’ फाइल कमाल सुमारे १ जीबीच्या असतात. त्या एकेक करून कॉपी कराव्यात. सगळे फोल्डर एकदम ओढले, तर एका खराब जागेमुळे पूर्ण काम थांबते.

२. एखादी फाइल अडली, तर ती सोडून पुढची घ्यावी. कॉपी झालेल्या फाइल ‘व्हीएलसी’ प्लेअरवर चालतात.

३. अडलेल्या भागासाठी ‘डीडीरेस्क्यू’ हे मोफत सॉफ्टवेअर उपयोगी आहे. ते आधी चांगला भाग वाचून घेते, खराब जागांची नोंद ठेवते आणि मग त्यांच्याकडे वळते. ती नोंद जपून दुसऱ्या ड्राइव्हवर उरलेला भाग वाचता येतो. एका ड्राइव्हला न जमलेला भाग दुसऱ्याला जमणे नवलाचे नाही.

४. स्टुडिओने दिलेल्या सर्व प्रती जमवाव्यात. मुलीच्या माहेरी आणि सासरी वेगवेगळ्या प्रती असतात. एकीत खराब असलेला भाग दुसरीत चांगला असू शकतो. स्टुडिओकडे मूळ टेप किंवा हार्ड डिस्क आहे का, हेही विचारावे.

५. मिळालेल्या मूळ फाइल तशाच जपाव्यात. मोबाइलवर पाहण्यासाठी ‘हँडब्रेक’सारख्या सॉफ्टवेअरने त्यांची एमपी४ प्रत करावी. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवल्यास दर्जा घटतो. त्यामुळे ती प्रत जपायची प्रत मानू नये.

आताच करणे का गरजेचे?

डिस्क टिकली तरी ती वाचणारी यंत्रे कमी होत आहेत. नव्या लॅपटॉपमध्ये डीव्हीडी ड्राइव्ह क्वचितच दिसतो. कोऱ्या डिस्क बनवणाऱ्या जगातील मोठ्या कंपन्यांपैकी एक असलेली भारतातील मोझर बेअर २०१८ मध्ये दिवाळखोरीत निघाली. सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये राइट करण्याच्या ब्लू-रे डिस्कचे उत्पादन थांबवले.

त्यामुळे आज चालणाऱ्या डिस्कचीही प्रत आताच काढून ठेवणे शहाणपणाचे. एक प्रत हार्ड डिस्कवर, दुसरी घराबाहेर, म्हणजे क्लाउडवर किंवा भावंडाकडे ठेवावी. मूळ डिस्क उभ्या कव्हरमध्ये, थंड, कोरड्या आणि अंधाऱ्या जागी ठेवावी. प्रत मिळाली म्हणून लगेच फेकू नये. आज न वाचलेली पाच मिनिटे उद्या दुसरा एखादा ड्राइव्ह वाचू शकतो.