विश्लेषण : घरचा रसगुल्ला रबरासारखा का होतो?

दूध फाडले, छेना मळला, गोळे वळून पाकात सोडले. पंधरा मिनिटांनी झाकण उघडले तर एक तर गोळे विरघळून पाकाची खीर झालेली, नाहीतर दाताखाली करकरणारे रबरी चेंडू तयार. घरी रसगुल्ला करून पाहिलेल्या बहुतेकांना यातला एक तरी अनुभव आलेला असतो. लिटरभर दुधातून जेमतेम दीडशे ते दोनशे ग्रॅम छेना निघतो, म्हणजे १२-१४ लहान रसगुल्ले. त्यामुळे फसलेला बेत खिशालाही लागतो. यात मावा नाही, तूप नाही, तळण नाही. दूध, लिंबू आणि साखर एवढेच जिन्नस असल्याने चूक झाकायला जागाच उरत नाही.

दूध कोणते घ्यावे?

बंगालमध्ये रसगुल्ल्याचा छेना (तिकडच्या उच्चारात ‘छाना’) गायीच्या दुधाचा असतो. आपल्याकडे जाड सायीसाठी अनेक घरांत फुल क्रीमची पिशवी येते. बासुंदीला ती उत्तम, रसगुल्ल्याला नाही. फुल क्रीम दुधात ६ टक्के स्निग्धांश असतो. एवढे तूप छेन्यात उतरले की पाक उकळताना ते सुटू लागते आणि गोळा फुटतो. म्हशीच्या दुधात कॅल्शियमही जास्त, त्यामुळे छेना टणक होतो. गायीच्या दुधाच्या पिशवीवर साधारण ३.५ टक्के स्निग्धांश लिहिलेला असतो, तेच घ्यावे. टेट्रापॅकचे दूध टाळलेले बरे, कारण अतिउच्च तापमानाला तापवलेल्या दुधाचा छेना नीट बांधून येत नाही.

खरी चूक कुठे होते?

बहुतेक वेळा दूध फाडतानाच. दुधातल्या केसीन या प्रथिनाच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो, म्हणून ते एकमेकांपासून दूर राहतात. लिंबाचा रस पडला की हा भार कमी होतो आणि कण एकमेकांना चिकटू लागतात. ते किती घट्ट चिकटणार, हे दूध किती गरम आहे आणि आम्ल किती तीव्र आहे यावर ठरते. खळखळ उकळत्या दुधात थेट लिंबू पिळले तर प्रथिनांची जाळी आवळली जाते, आतले पाणी बाहेर पडते आणि हाती येते ते पनीर. पनीरचे रसगुल्ले कितीही मळले तरी मऊ होत नाहीत.

म्हणून दुधाला उकळी आली की गॅस बंद करून चार-पाच मिनिटे थांबायचे. दोन चमचे लिंबाच्या रसात तेवढेच पाणी मिसळून ते थोडे थोडे घालत हलक्या हाताने ढवळायचे. हिरवट, निवळ पाणी वेगळे दिसले की उरलेला रस घालायचा नाही. लगेच पातेल्यात गार पाणी ओतावे, म्हणजे गोठण्याची क्रिया तिथेच थांबते. मग सुती कापडावर गाळून छेना पाण्याने धुवावा, नाहीतर आंबटपणा राहतो. कापड अर्धा-पाऊण तास टांगून ठेवायचे. पनीरसारखे वजन मात्र ठेवायचे नाही. चिमटीत दाबल्यावर पाणी टपकत नाही, पण ओल जाणवते, असा छेना हवा. ओला राहिला तर गोळे पाकात विरघळतात, कोरडा झाला तर घट्ट राहतात.

परातीत तळहाताच्या टाचेने आठ-दहा मिनिटे मळावे. कण मोडून छेना लोण्यासारखा एकजीव होतो. तळहात तुपकट लागू लागला की थांबा, पुढे मळले तर तूप सुटते. गोळ्यावर एकही भेग नको. पाकात सगळ्यात आधी तीच उघडते. काही जण चमचाभर मैदा किंवा रवा घालतात. छेना जमला असेल तर त्याची गरज पडत नाही.

पाकाला तार नको

गुलाबजामच्या सवयीने आपण एकतारी पाक करायला जातो आणि इथे तोच घात करतो. दाट पाक छेन्यातले पाणी बाहेर ओढतो, गोळे आक्रसतात. ३०० ग्रॅम साखरेला लिटरभर पाणी घेऊन पाक पातळच ठेवायचा. तो जोरात उकळत असताना गोळे सोडायचे, कारण आतल्या ओलीची वाफ झाली तरच ते फुगतात आणि जाळी पडते. आच मंद असेल तर हे होत नाही. भांडे पसरट हवे, गोळ्यांना जवळपास दुप्पट व्हायला जागा लागते. झाकण ठेवून १२ ते १५ मिनिटे शिजवताना पाणी आटून पाक दाट होतो, म्हणून मध्येच अर्धी वाटी गरम पाणी घालावे. एक गोळा गार पाण्याच्या पेल्यात टाकून पाहावा, तळाशी गेला की झाले. गॅस बंद केल्यावर ते त्याच पाकात गार होऊ द्यावेत.

बंगालमध्ये या रसगुल्ल्याचे श्रेय कोलकात्याच्या बागबाजारातील नवीनचंद्र दास यांना देतात आणि त्यासाठी १८६८ हे साल सांगतात. ओडिशाचा दावा जगन्नाथ मंदिराच्या परंपरेवर उभा आहे. बंगालला भौगोलिक मानांकन २०१७ मध्ये मिळाले, ओडिशाला २०१९ मध्ये, तेही ‘ओडिशा रसगोला’ या वेगळ्या नावाने. पण दुधापुढे या प्रेमाचेही काही चालले नव्हते. १९६५ मध्ये दूधटंचाई झाली तेव्हा प्रफुल्लचंद्र सेन यांच्या सरकारने खुद्द पश्चिम बंगालमध्येच छेन्याच्या मिठाईवर बंदी घातली होती.

तयार रसगुल्ले पाकासह फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकतात. दूध फाडल्यावर उरलेले हिरवट पाणी कणीक मळायला वापरावे, पोळ्या मऊ होतात. पाकात विरघळलेले गोळे गाळणीत निथळून थोड्या दुधासोबत मंद आचेवर आटवले तर कलाकंदासारखी वडी पडते. रबरी झालेल्यांचे मात्र काही करता येत नाही.