जुन्या मोटारीचे आंधळे दिवे

गाळप हंगाम सुरू झाला की रात्री-अपरात्री उसाच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या रस्त्यावर असतात. चाकण-तळेगाव रस्त्यावर कंटेनरची रांग असते ती वेगळीच. पुढची ट्रॉली वेळेत दिसायची तर आपल्या गाडीचा दिवा धड हवा. पण दहा-बारा वर्षं उन्हात उभ्या राहिलेल्या मोटारीचे दिवे पाहा, मोतीबिंदू झाल्यागत पिवळट!

जुन्या फियाट, अ‍ॅम्बॅसडरच्या दिव्यांना खरी काच होती. ती फुटे, पण पिवळी पडत नसे. चाकणच्या फोक्सवॅगन कारखान्यात २००९ पासून तयार होऊ लागलेली आणि २०२२ साली बंद झालेली पोलो घ्या, तिची 'काच' पॉलिकार्बोनेट नावाच्या प्लॅस्टिकची आहे. हे प्लॅस्टिक हलके आणि चिवट, पण उन्हातले अतिनील किरण त्याला सोसत नाहीत. म्हणून त्यावर रक्षक थर असतो. तो झिजला की उजेड पुढे न जाता फाकतो. आपल्याला कमी दिसते, समोरच्याचे डोळे मात्र दिपतात. काहीजण यावर मोठ्या वॅटचा बल्ब टाकतात. आम्ही म्हणू, रोगापेक्षा औषध भयंकर! वायरिंग तापते आणि समोरच्याला आणखी त्रास.

खरा उपाय घरी होण्याजोगा आहे. दिवा धुवून भोवतालच्या रंगावर चिकटपट्टी लावा. ८०० नंबरचा वॉटर पेपर भिजवून सारख्या हाताने घासा, मग १०००, १५००, २०००. पाणी सोडत राहा. सुरुवातीला दिवा आणखी पांढरा दिसेल, घाबरू नये. जुना थर निघतोय. शेवटी रबिंग कंपाउंडने चकाकी आणा.

बहुतेक मंडळी इथेच थांबतात आणि काही महिन्यांत दिवा पुन्हा पिवळा पडतो. टूथपेस्टचीही तीच गत. दिवा पुसून, पुरता वाळवून त्यावर अतिनील किरण रोखणारा क्लिअर कोट मारलाच पाहिजे. खर्च वाचवायचा तर इथे नको.

दिव्याच्या आत पाणी साठत असेल किंवा आतला रिफ्लेक्टर काळवंडला असेल, तर बाहेरून कितीही घासा, उपयोग नाही, दिवाच बदलावा. पंधरा वर्षांनी नोंदणी नूतनीकरणासाठी गाडी आरटीओत न्यावी लागते, तिथेही दिवे पाहतात.

आणि ट्रॉलीवाल्या सभासदांनी मागच्या लाल रिफ्लेक्टरवरचा चिखल तेवढा रोज पुसावा.