पॅकेटवरील वेळेचा शिक्का राऊटरला जड का जातो?

इंटरनेटवरील माहिती लहान लहान पॅकेटांच्या रूपाने प्रवास करते आणि वाटेतील राऊटर ती पॅकेटे पुढे धाडतात. एखादे पॅकेट नेमके कोणत्या क्षणी आले, याची नोंद विलंब मोजण्यासाठी, बिघाड शोधण्यासाठी तसेच संगणकांची घड्याळे जुळवण्यासाठी उपयोगी पडते. वरवर पाहता हे काम घड्याळाकडे एक नजर टाकण्याएवढे सोपे आहे. परंतु वर्दळीच्या राऊटरवर तीच नजर महागात पडू शकते.

एक गिगाबिट क्षमतेच्या इथरनेट जोडणीवर ६४ बाइटांची, म्हणजे सर्वांत लहान, पॅकेटे सलग येत राहिली, तर त्यांची संख्या सेकंदाला सुमारे १४ लाख ८८ हजार होते. एका पॅकेटच्या वाट्याला ६७२ नॅनोसेकंद येतात. दहा गिगाबिटच्या जोडणीवर हा अवधी जेमतेम ६७ नॅनोसेकंद उरतो.

साध्या संगणकावर लिनक्स प्रणाली बसवून तयार केलेल्या राऊटरमध्ये ही अडचण स्पष्ट दिसते. प्रोसेसरमधील चक्रगणक वाचण्यास काही मोजके नॅनोसेकंद पुरतात. मात्र जुन्या प्रोसेसरांत वीजबचतीसाठी वेग कमी झाला की गणकाची गतीही बदलत असे. अशा वेळी प्रणाली मुख्य फलकावरील एसीपीआय घड्याळाचा आधार घेई. सेकंदाला ३५,७९,५४५ ठोके देणारे हे घड्याळ भरवशाचे खरे. पण ते एकदा वाचण्यास सुमारे एक हजार नॅनोसेकंद लागतात. काही सदोष चिपसंचांत तर खात्रीसाठी ते तीनदा वाचावे लागे. साहजिकच वेळ विचारण्यातच पॅकेटची वेळ संपून जाई.

यावर उपाय म्हणून, कोणी मागणी केली तरच शिक्का मारण्याची पद्धत लिनक्समध्ये आली. तिच्यातही एक मेख आहे. पॅकेट दाखल होताना ते कोणत्या प्रोग्रामसाठी आहे, हे ठाऊक नसते. त्यामुळे एका जरी प्रोग्रामने आगमनाची वेळ मागितली, तरी येणाऱ्या सर्वच पॅकेटांवर शिक्का बसू लागतो. घड्याळ जुळवणारा एनटीपी प्रोग्राम स्वतः मोजकीच पॅकेटे हाताळतो, भुर्दंड मात्र लाखो परक्या पॅकेटांना पडतो. शिक्का उशिरा मारावा, तर रांगेत थांबल्याचा अवधी नोंदीत मिसळतो आणि विलंबाचे मोजमापच बिघडते.

हे काम नेटवर्क कार्डाकडे सोपवण्याचा मार्गही आहे. अचूक घड्याळजुळणीसाठीचे आयईईई १५८८ हे मानक २००२ मध्ये निघाले, २००८ मध्ये सुधारले गेले आणि २००९ मध्ये लिनक्सच्या २.६.३० आवृत्तीत कार्डाने नोंदवलेली वेळ प्रोग्रामना मिळू लागली. तथापि, अनेक कार्डे केवळ घड्याळजुळणीच्याच पॅकेटांवर शिक्का मारू शकतात.

आधुनिक प्रोसेसरांतील चक्रगणक स्थिर गतीने चालतो, त्यामुळे हा खर्च पुष्कळच घटला आहे. तरीही गणक बेभरवशाचा असल्याचे आढळल्यास लिनक्स आपणहून संथ घड्याळाकडे वळते आणि त्याविषयी नोंदवहीत नोंद करते. वर्दळ वाढलेली नसताना राऊटर अचानक मंदावला, तर ती नोंद शोधून पाहता येते.