ठराविक मुदतीची मींड

सिंथेसायझरचा मुबलक वापर असलेल्या, परंतु फारशा कोणाच्या कानी न पडलेल्या प्रोग्रेसिव्ह आणि स्पेस रॉकच्या तबकड्यांची शिफारस करणारा लेख द्यावा, असे संपादकांचे फर्मान आले तेव्हा मी डोंगरकड्यास मुक्कामी होतो. आणि कळमनुरी तालुक्यातील, हळदीच्या व केळीच्या भावांत गुंतलेल्या ह्या गावी अंतराळाच्या संगीताला काय थारा मिळणार, ही शंका मला प्रथम आली. परंतु दिवस लग्नसराईचे होते, आणि वरातीपुढच्या बँडच्या गाड्यावरून नागिणीची ती सर्वपरिचित धून सुरू झाल्याबरोबर माझ्या शंकेचा पाया ढासळला. १९५४ च्या 'नागिन' चित्रपटातील ती बीन खरी बीन नव्हतीच. हेमंतकुमारांच्या संगीत दिग्दर्शनाखाली कल्याणजी वीरजी शाह ह्यांनी ती क्लॅव्हिओलिन ह्या विजेवर चालणाऱ्या वाद्यातून काढली होती. त्याच जातीच्या वाद्यावर १९६२ साली इंग्लंडात उपग्रहाचे नाव धारण करणारी 'टेलस्टार' ही धून वाजली, आणि पुढे सन रा ह्या विक्षिप्त अमेरिकन जॅझवाल्याने आपल्या 'द मॅजिक सिटी' ह्या तबकडीत तेच वाद्य अगदी निराळ्या, निर्जन सुरात बोलविले. डोंगरकड्याची वरात आणि स्पेस रॉक ह्यांचे मूळपुरुष, वंशावळ धुंडाळली तर, असे एकाच घराण्याचे निघतात.

इतिहासाचे दप्तर मी इथे भराभर उलटतो. १९६९ साली डेव्हिड ट्युडर ह्या अमेरिकन संगीतकाराने अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूग सिंथेसायझरची उभारणी केली, आणि त्या दालनात झालेले प्रयोग अर्धशतकाहून अधिक काळानंतर, २०२३ मध्ये, तबकडीच्या रूपाने प्रसिद्ध झाले. १९७० साली आनंद शंकर ह्यांनी स्वतःच्याच नावाच्या तबकडीत सतार आणि मूग शेजारी बसविले. तीतील सुप्रसिद्ध रॉक गाण्यांच्या आवृत्त्या मला काहीशा दिखाऊ वाटतात, परंतु 'सागर' ही दीर्घ रचना ज्याने ऐकली नाही त्याने ती अवश्य ऐकावी.

मात्र मी रेंगाळणार आहे तो मुंबईच्या चरणजित सिंग ह्यांच्यापाशी. चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणांत गिटार वाजविणाऱ्या, लग्नसमारंभांतून कार्यक्रम करणाऱ्या ह्या गृहस्थांनी १९८२ साली 'टेन रागाज टू अ डिस्को बीट' ही तबकडी एचएमव्हीसाठी केली, आणि तीत भैरवी, ललित, तोडी, मेघमल्हार, मालकंस आदी दहा राग रोलँड ह्या जपानी कंपनीच्या तीन यंत्रांवर वाजविले. तबकडी खपली नाही. पुढे एका डच संग्राहकाच्या हाती ती लागली, २०१० मध्ये तिची नवी आवृत्ती निघाली, आणि शिकागोत १९८७ साली जन्मले असे मानल्या गेलेल्या अ‍ॅसिड हाउस संगीताचे हुबेहूब लक्षण पाच वर्षे आधी मुंबईत कसे प्रकटले, ह्याविषयी पाश्चात्त्य रसिकांत मोठी वादावादी माजली. तो वाद मला गौण वाटतो. मला भुरळ घातली ती त्या तीन यंत्रांपैकी सर्वांत लहान, टीबी ३०३ नामक रुपेरी पेटीच्या एका हट्टी खोडीने.

एकट्या गिटारवादकाला मंद्र सुरांची साथ मिळावी, एवढ्याच माफक हेतूने १९८१ मध्ये बाजारात आलेल्या ह्या यंत्रात स्वर एका फेरीत भरावे लागतात आणि त्यांच्या कालमात्रा दुसऱ्या फेरीत, जणू गाण्याचा देह व श्वास ह्यांची नोंद दोन निरनिराळ्या कचेऱ्यांत व्हावी. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय आहे, परंतु त्या घसरणीची मुदत विद्युतमंडलातच कायमची ठरविलेली, सेकंदाच्या दशांशाहूनही अल्प: षड्जावरून ऋषभाला जा वा पंचमाला, वेळ तेवढाच. आपल्याकडे दरबारीच्या गांधाराकडे उतरताना गवई जी सवड घेतो, तिची तजवीज ह्या पेटीत मुळीच नाही. सिंग ह्यांनी शहाणपण असे केले, की ती ताठर घसरण खालच्या बैठकीला ठेवली आणि रागाची मींड त्या तिघांपैकीच ज्युपिटर ८ ह्या सिंथेसायझरच्या पट्ट्यांवर आपल्या हाताने घेतली, जिथे घसरणीचा काळ कमीजास्त करण्याची कळ आहे. यंत्राचा हट्ट आणि माणसाची सवड ह्यांचे हे एकत्र नांदणे ज्या तबकडीत ऐकू येते, तीच शिफारशीस पात्र, असा दंडक मी मनाशी ठरविला.

त्या दंडकास मायकेल होनिग ह्या जर्मन वादकाची 'डिपार्चर फ्रॉम द नॉर्दर्न वेस्टलँड' (१९७८) उतरते, जिची पहिली पूर्ण बाजू एकाच रचनेने व्यापली आहे. आणि त्याच्याच अ‍ॅजिटेशन फ्री ह्या पूर्वीच्या संघाची, इजिप्तच्या प्रवासातून उद्भवलेली 'मालेश' (१९७२) तर मला अधिकच प्रिय आहे. टिम ब्लेकची 'क्रिस्टल मशीन' (१९७७) मात्र पूर्वार्धापुरतीच.

आता अडचणींविषयी. बँडच्या गाड्यावरील कीबोर्डवाल्यापाशी मी बसलो तेव्हा त्याचा डावा अंगठा एका चाकावर होता. ते चाक पुढे ढकलले की सूर चढतो, मागे ओढले की उतरतो. कारखान्यातून ते दोनच अर्धस्वरांच्या मर्यादेवर बांधून येते, आणि ती मर्यादा त्याने वाढवून घेतली होती. "सर, बटन दाबलं की सूर लागतो," तो म्हणाला, "पण ओढायला बोटच लागतंय." चाकाची स्प्रिंग ढिली झाल्यामुळे ते मध्यावर परतत नाही, म्हणून प्रत्येक मींडेनंतर तो अंगठ्याने त्याला जागेवर आणतो, न आणल्यास पुढचे सारे गाणे किंचित चढे राहते. पट्ट्यांखालचे रबर धुळीने बसते, ते स्पिरिटने पुसावे लागते. जनरेटरचा दाब खालीवर झाला की वाद्य मध्येच बंद पडून पुन्हा पहिल्या आवाजावर सुरू होते, आणि वरातीतील तरुण मंडळी तेवढ्या अवधीत डीजेची आठवण काढतात. डीजेवाला एकटा येतो. बँडला माणसे लागतात, त्यांचे जेवण लागते, टेम्पो लागतो. सिंग ह्यांनी एकट्याने केलेल्या त्या तबकडीचे कौतुक करताना हेही नमूद केले पाहिजे, की यंत्रांच्या ह्याच सोयीने पुढे मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांतील व्हायोलिनवाल्यांच्या रांगा उठविल्या.

चाकाचा सुटा भाग मिळत नाही, असे नांदेडच्या दुरुस्तीवाल्याने त्याला सांगितले आहे. तो भाग त्याच मॉडेलच्या दुसऱ्या कीबोर्डातूनच काढावा लागेल. म्हणून नव्या लग्नाची सुपारी घेताना, तसा एखादा बंद पडलेला कीबोर्ड वसमतच्या बाजूला कोणाकडे पडून आहे काय, ह्याची चौकशी तो आवर्जून करतो.